आदाम आधी की डायनोसॉर?

पत्राचा गोषवारा: वसई तालुक्यातली २३ वर्षांची वाचक लिहिते: "मी मुंबईत प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशीवर माझा प्रबंध चालू आहे. घर पिढ्यान्‌पिढ्यांचं कॅथलिक. रविवारी मिस्सानंतर मी सहावी-सातवीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. महिन्यापूर्वी एका मुलाने विचारलं, 'टीचर, आदाम आधी की डायनोसॉर आधी?' मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. चार रविवार गेले. आमच्या प्रार्थना गटातले एक काका 'उत्क्रांती हे सैतानाचं खोटं' असे व्हिडिओ पाठवतात. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी विचारतात, 'सायन्सवाली असून चर्चला जातेस?' गळ्यातला क्रूस मी कॉलरच्या आत ठेवते आणि घरी प्रबंधाचा विषय सांगायचं टाळते. दोन्हीकडे मी अर्धीच असते. यातलं एक सोडावं लागेल का? आणि न सोडता राहिले तर तो दुटप्पीपणा नाही का?"

प्रिय मुली,

वयाने मी तुझ्या आईपेक्षाही मोठी असेन, म्हणून 'तू' म्हणते. मी नगरकडची. आम्ही प्रॉटेस्टंट, चर्चला 'देऊळ' म्हणणारी माणसं. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण तुझ्या वयाची असताना असंच एक पत्र मी लिहायला घेतलं होतं. कुणाला पाठवायचं ते सुचलं नाही, म्हणून ते तसंच राहिलं.

आधी त्या मुलाचं बघू, तो चार रविवार थांबला आहे. डायनोसॉर आधी, आणि थोडेथोडके आधी नव्हेत. ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची. त्यांची हाडं बघायला अमेरिकेला जायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला ती सापडली आहेत, विष्ठेच्या जीवाश्मांसकट. (हे शेवटचं वर्गात जरूर सांग, मुलं एरवी झोपलेली असली तरी जागी होतात.) सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हाचा झाला, तो लाव्हाही साधारण त्याच काळात वाहत होता.

हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मग जीभ का अडखळली? मला वाटतं, तुला धास्ती होती ती मागून येणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाची: "मग बायबल खोटं का?" तुझ्या साऱ्या पत्राच्या तळाशी हाच प्रश्न आहे. आणि त्यात एक गोष्ट तू न तपासताच धरून चालली आहेस. बायबलमधल्या पहिल्या, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी लिहिला गेला, असं तू मानतेस.

एखादा नमुना समोर आल्यावर तू तो जसा निरखून बघतेस, तसा तो अध्याय बघ. उजेड पहिल्या दिवशी होतो, सूर्य चौथ्या दिवशी. झाडं सूर्याच्या आधी उगवतात. प्राणी आधी, माणूस शेवटी, स्त्री आणि पुरुष एकदमच. आता पान उलट. दुसऱ्या अध्यायात माणूस आधी घडवला जातो, शेतात अजून झुडूपही उगवलेलं नसताना. मग बाग, मग पशुपक्षी, आणि शेवटी स्त्री. क्रम जवळजवळ उलटाच. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी-शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसला नसेल, असं मला वाटत नाही. ते आपल्यापेक्षा मंद नव्हते. त्यांना वेळापत्रक सांगायचं असतं तर त्यांनी एकच अध्याय ठेवला असता. पहिला अध्याय सूर्य-चंद्रांचं नावसुद्धा घेत नाही, 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती' म्हणतो, हे कधी लक्षात आलंय का तुझ्या? आजूबाजूची बलाढ्य राज्यं ज्यांना देव मानून पूजत होती, त्यांना हा लेखक दिवे म्हणतो. त्या काळच्या ऐकणाऱ्याला यातलं धाडस लगेच कळलं असेल. आपल्याला कळत नाही, कारण आपण तिथे भूगर्भशास्त्र शोधत बसतो.

असं वाचणं ही डार्विननंतर काढलेली पळवाट आहे, असं तुझ्या मैत्रिणी म्हणतील. तसं नाही. संत ऑगस्टीन ३५४ ते ४३० या काळातले. हे सहा दिवस नेहमीच्या दिवसांसारखे समजू नयेत असं त्यांनी तेव्हाच लिहिलं. पुढे एक इशाराही दिला, जो मी दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगत असे. त्याचा आशय असा, की ग्रहतारे, प्राणी, झाडं यांविषयी ज्यांना नीट माहिती आहे अशा परधर्मीयांसमोर ख्रिस्ती माणसाने बायबलचा हवाला देऊन काहीबाही बोलू नये. ते हसतील, आणि मग मेलेल्यांच्या पुनरुत्थानाविषयी आपलं ऐकतीलच कशाला? सोळाशे वर्षं झाली या इशाऱ्याला.

काकांच्या व्हिडिओंकडे आता या बाजूने बघ. सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ साली निर्माण झाली, हे गणित आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये मांडलं. पण आजच्या व्हिडिओंमधला 'पृथ्वी फक्त काही हजार वर्षांची' हा आग्रह त्यांच्यापासून सरळ चालत आलेला नाही. मधल्या काळात भूगर्भशास्त्राचे निष्कर्ष कित्येक सनातनी प्रॉटेस्टंट अभ्यासकांनीही पचवले होते. तो आग्रह नव्याने फोफावला तो अमेरिकेत, १९६१ मध्ये निघालेल्या एका पुस्तकानंतर. ते लिहिणारे होते एक प्रॉटेस्टंट ईश्वरविद्या शिकवणारे आणि एक इंजिनिअर. म्हणजे तुझे कॅथलिक काका परक्या पंथाचं, आणि वयाने बहुधा त्यांच्याच बरोबरीचं मत श्रद्धेचा प्राचीन ठेवा म्हणून पुढे पाठवत आहेत. त्यांच्या स्वतःच्या ख्रिस्तसभेने काय म्हटलं आहे? मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये एका पत्रकातून मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून, ही अट ठेवली. पोप जॉन पॉल दुसरे १९९६ मध्ये म्हणाले की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक उरलेली नाही. पोप फ्रान्सिस २०१४ मध्ये म्हणाले की देव म्हणजे छडी फिरवणारा जादूगार नव्हे.

मैत्रिणींचं म्हणणं मात्र मला इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. गॅलिलिओवर अन्याय झाला. १६३३ मध्ये त्याला गुडघ्यावर बसवून पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपलं मत नाकारायला लावलं आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. चूक झाली हे रोमने जाहीरपणे मान्य केलं १९९२ मध्ये. यावर कुणी बोललं तर सारवासारव करू नकोस. "तेव्हाचं राजकारण वेगळं होतं" वगैरे खरं असलं, तरी ते त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना सांगून काय उपयोग?

आणि श्रद्धावान शास्त्रज्ञांची यादीही तोंडावर फेकू नकोस. यादी मोठी आहे. वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल हा मठवासी होता. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ज्या हर्बेरियममध्ये मी वाळवलेली पानं बघत दिवस काढले, ते फादर ब्लाटर या जेझुइट धर्मगुरूंच्या नावाचं. खंडाळ्याच्या वनस्पतींची नोंद करणारे फादर सांतापाऊ पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. पण यातून एवढंच सिद्ध होतं की एका माणसात दोन्ही राहू शकतं. एका माणसात परस्परविरोधी गोष्टीही राहू शकतात. म्हणून यादी देत नाही, त्यातल्या एकाचीच गोष्ट सांगते.

जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, १९२३ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली, १९२७ मध्ये त्याने आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून विश्व प्रसरण पावत असल्याचं मांडलं. आइन्स्टाइनने त्याला तोंडावर सांगितलं की गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर. १९३१ मध्ये लमेत्र आणखी पुढे गेला: सगळं विश्व एका आद्य अणूतून सुरू झालं असावं. यालाच आपण आज महास्फोट म्हणतो. या कल्पनेला उत्पत्तीच्या पुस्तकाचा वास येतो म्हणून काही शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. उलट १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात म्हटलं की आजचं विज्ञान 'प्रकाश होवो' या आदिवचनाचीच साक्ष देत आहे. आता विचार कर. तू धर्मगुरू आहेस, तुझ्या सिद्धान्ताला जग अजून हसतं आहे, आणि साक्षात पोप तुझ्या बाजूने बोलतात. लमेत्रला आनंद व्हायला हवा होता. त्याला ते अजिबात रुचलं नाही. त्याने आपली नापसंती रोमपर्यंत पोचवली, आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपांनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

का रुचलं नाही? लमेत्रचं म्हणणं असं, की आपला सिद्धान्त देवाच्या प्रश्नाबाहेरचा आहे. देव न मानणाऱ्यालाही तो तितक्याच मोकळेपणाने वापरता आला पाहिजे. उद्या सिद्धान्त चुकला तर त्याच्याबरोबर देवही चुकायचा का? मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, १९६६ मध्ये, विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा मागमूस सापडल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली. तो बरोबर ठरला होता. तरी त्याने तो देवाचा पुरावा म्हणून मिरवला नाही.

मुली, 'मेळ घालणं' या शब्दाचा तू जो अर्थ घेतेस त्याबद्दल मला हेच सांगायचं होतं. दोन्हींचा मेळ घालायचा म्हणजे एकाने दुसऱ्याची हमी घ्यायची, असं तुझ्या मनात आहे. विज्ञानाने बायबलला शिक्का मारून द्यावा, किंवा बायबलने विज्ञानाला परवानगी द्यावी. ही अपेक्षा सोडलीस की मानेवरचं बरंच ओझं उतरेल.

सगळं मात्र उतरणार नाही. 'विज्ञान कसं ते सांगतं, धर्म का ते सांगतो' ही वाटणी ऐकायला छान आहे, पण ख्रिस्ती श्रद्धा तेवढ्यावर भागत नाही. ती घडलेल्या घटनांबद्दल बोलते. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना सरळ लिहितो. मेलेली माणसं उठत नाहीत हे सांगायला आधुनिक विज्ञान लागत नव्हतं. पहिल्या शतकातल्या कोळ्यांनाही ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते हादरले. एकदाच घडलेल्या गोष्टीचा प्रयोग पुन्हा लावता येत नाही. तिथे साक्षीदारांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न उरतो. मी ठेवते. माझ्या कितीतरी प्रामाणिक सहकाऱ्यांनी ठेवला नाही.

खरी अवघड जागा मला वेगळीच वाटते, आणि ती नेमकी तुझ्या टेबलावर आहे. तुझ्या प्रबंधाचा विषय वाचून मी थबकले. १८६० मध्ये डार्विनने अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना एक पत्र लिहिलं. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू लावून धरणारे. डार्विनने त्यांना लिहिलं की अळीला जिवंतपणी आतून खाणारी ही माशी कुणा दयाळू देवाने हेतूने निर्माण केली असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. तुझीच माशी! डायनोसॉरमुळे श्रद्धा डळमळावी असं त्यांच्यात काही नाही. कोट्यवधी वर्षांची ही वेदना, माणसाने पाप करायच्या कितीतरी आधीची, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याच्याच शेजारी आदामाचा प्रश्न आहे. आजचं जनुकशास्त्र सांगतं की मानवजात कधीही फक्त दोन माणसांवर आलेली नव्हती, किमान हजारोंचा समूह होता. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल एका माणसामुळे जगात पाप आलं असं म्हणतो. १९५०च्या त्याच पत्रकात पोपांनी या जागी हात आखडता घेतला होता, आणि ईश्वरविद्येचे अभ्यासक आजही यावर एकमेकांशी भांडत आहेत. इथे शिवण उसवलेली आहे. ती नाही असं मी तुला सांगणार नाही.

या वेदनेचं उत्तर माझ्यापाशी नाही. मी जाते ती बायबलमधल्या ईयोबाकडे, दोष नसताना दुःख भोगणाऱ्या माणसाकडे. ईयोब देवाला 'का' विचारतो, आणि अडतिसाव्या अध्यायापासून देव त्याला कारण सांगायचं सोडून प्राणी दाखवत सुटतो: भुकेली सिंहाची पिल्लं, ओरडणारे कावळे, अंडी जमिनीवर टाकून जाणारी शहामृगी, आणि गरुडाची रक्त पिणारी पिल्लं. त्या यादीत गोंडस असं फार थोडं आहे. तुझी माशी तिथे शोभली असती. मला ते उत्तर वाटत नाही, पण ते लिहिणाऱ्याने निसर्ग डोळे उघडे ठेवून पाहिला होता आणि तरी तो प्रार्थना करत होता, एवढं मला पुरतं. तुला पुरेल की नाही, ते तूच ठरवायचंस. आणि ही माशी आमच्याकडचे शेतकरी 'मित्रकीटक' म्हणून ओळखतात, तेही विसरू नकोस. अळीच्या बाजूने बघायचं की पिकाच्या, यावर तिचं नाव बदलतं.

दुटप्पीपणाबद्दल. उत्तर माहीत नसणं म्हणजे दुटप्पीपणा नव्हे. तू आकडे फिरवलेस तर तो दुटप्पीपणा, किंवा जे खोटं आहे हे तुला ठाऊक आहे ते मुलांना शिकवलंस तर. यातलं तू काहीच केलेलं नाहीस. तुला छळतंय ते लपवणं. ते मात्र थांबवता येईल.

घरापासून सुरू कर. तुझ्या पत्रात आईवडिलांचा विरोध कुठेच नाही, तू तो गृहीत धरला आहेस. एका संध्याकाळी आईला माशीचा फोटो दाखव आणि ती काय करते ते सांग. उत्क्रांती हा शब्द पहिल्या दिवशी आला नाही तरी चालेल. प्रयोगशाळेत क्रूस बाहेर काढायची घोषणा करायची गरज नाही. पण कुणी विचारलं तर "हो, जाते" इतकंच म्हण, आणि डबा खात राहा. प्रत्येक जेवणाच्या सुट्टीत धर्माची बाजू मांडायला तू बांधील नाहीस. काकांना गटावर उत्तर देऊ नकोस, तिथे दोन्ही बाजूंना फक्त जिंकायचं असतं. त्यांच्या घरी जाऊन चहा घे आणि विचार, त्यांना नेमकी कशाची भीती आहे. बहुतेकदा ती पोरं देवापासून दूर जातील ही असते, माकडांशी तिचा संबंध नसतो. त्यावर तुम्ही दोघं बोलू शकाल.

आणि सोडण्याबद्दल. उद्या तुझा विश्वास खरोखरच उरला नाही, तर ते मान्य करायचं धैर्यही ठेव. पण ते तुझ्या स्वतःच्या शोधातून येऊ दे. "जीवशास्त्राची मुलगी चर्चला जात नसते" असं कुणी म्हटलं म्हणून श्रद्धा सोडू नकोस, आणि काका रागावले म्हणून सूक्ष्मदर्शक सोडू नकोस. तेविसाव्या वर्षी या खटल्याचा निकाल लावलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? अशीच घुसमट इतर धर्मांच्या घरांतली मुलंही मला लिहितात. त्यांच्या पालकांना एक विनंती: पोराने प्रश्न विचारला की तो श्रद्धा सोडायला निघाला, असं धरू नका. तो विचारायला अजून तुमच्याकडेच येतोय.

आता येता रविवार. आधी तुमच्या फादरना भेट आणि काय सांगणार आहेस ते त्यांना सांग. परवानगी म्हणून नव्हे, पाठीशी कुणी असावं म्हणून. वर्गात त्या मुलाचं नाव घेऊन म्हण, "डायनोसॉर आधी. उशीर झाला, माफ कर." मग मुलांचे दोन गट कर, एकाला उत्पत्तीचा पहिला अध्याय दे, दुसऱ्याला दुसरा, आणि काय कशानंतर झालं ते फळ्यावर लिहायला लाव. फरक तीच शोधतील. तो मुलगा बहुधा पुढचं विचारेल: मग देवाने डायनोसॉर मरू का दिले? त्याला सांग की हे टीचरलाही माहीत नाही, आणि ती रोज त्याच प्रश्नाशेजारी बसून काम करते. जाताना काचेच्या नळीत एक माशी घेऊन जा. भिंगही घे, ती फार लहान असते.